सश्रम भाजीपाला

“यातले खरे कोण गं?”

म्हातारीनं विचारलं तेव्हा मी तिच्या लुगड्याच्या निऱ्या हातात धरून खाली बसले होते. तंबूच्या उघड्या बाजूनं वांग्यांचे वाफे दिसत होते. वाफ्यांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं खुरपी घेऊन बसली होती.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. “खरे म्हणजे?”

“कैदी. आन् शिनिमातले कंचे?”

“सगळे मिसळलेत, आजी. एकसारखे कपडे घातल्यावर मलाही चटकन ओळखू येत नाहीत.”

मी हसत म्हणाले होते. ती हसली नाही. वाफ्यांकडे बघतच राहिली. मी निऱ्या खोचायला तिच्या कमरेकडे हात नेला, तसा तिनं माझं मनगट धरून बाजूला केलं.

“ऱ्हाऊ दे. माझं मी खोवते.”

बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. तिची बोटं मात्र गार होती.

हिवरमाळच्या खुल्या कारागृहात आमचं शूटिंग चालू होतं. मी तेव्हा वेशभूषा विभागात सहायक होते. हिवरमाळला उंच भिंत नव्हती. तारेचं कुंपण, बैठ्या बराकी आणि मधोमध शेती. ज्यांची वर्तणूक चांगली आणि शिक्षा संपत आलेली, अशा जन्मठेपेच्या कैद्यांना तिथे आणून ठेवत. चित्रपटाचं नाव होतं ‘सश्रम भाजीपाला’. चार बिलंदर कैदी पळून जाण्यासाठी भुयार खणायचं ठरवतात, कुणाला संशय येऊ नये म्हणून जेलरकडे बागकामाची परवानगी मागतात, आणि मग वांगी-दोडकी अशी काही फोफावतात की पळून जायचं त्यांच्याच्यानं होत नाही. विनोदी चित्रपट. शरद आगलावे मुख्य भूमिकेत. त्यांनी नुसती टोपी तिरकी केली तरी थिएटर हसायचं, असे ते दिवस होते.

खरे कैदी पांढऱ्या कपड्यांत असत. पण आमच्या दिग्दर्शकांना, राजवाडे सरांना, पट्टेच हवे होते. “शलाका, पांढऱ्यात काय गंमत आहे? पट्टे बघितले की लोकांना आधीच हसू येतं,” ते म्हणाले. गर्दीत बसायची परवानगी ज्या कैद्यांना वरून मिळाली होती, त्यांनाही मी पट्ट्यांचे सदरे वाटले. बहुतेकांनी हौसेनं घातले. एकमेकांकडे बघून हसलेसुद्धा.

एकटा जालिंदर पवळ नको म्हणाला.

“मला हायेत कपडे, ताई,” एवढंच बोलून तो दोडक्याच्या मांडवाकडे निघून गेला. चाळिशीचा, काटक, केस पार पिकलेले. मांडव त्याच्याकडे होता. वेल चढवणं, आळी करणं, खुरपणी, सगळं तोच बघायचा. आमचं शूटिंग चालू असताना बाकीचे काम टाकून टोळक्यानं बघत उभे राहत. जालिंदर पाठ करून आपलं खुरपत राही.

गावच्या बायका म्हणून आसपासच्या वस्त्यांवरून बायका बोलावल्या होत्या. रोज सकाळी टेम्पो भरून यायच्या, चहा-नाश्ता करायच्या, टिंगलटवाळी करत संध्याकाळी परत जायच्या. लुगडी मी नेसवायची. त्यांतच ही केराबाई. सत्तरीच्या पुढची, हडकलेली, ताठ. युनिटचं जेवण घ्यायची नाही. सगळ्यांकडे पाठ करून बाभळीखाली आपली भाकरी खायची, आणि उरलेला सगळा वेळ कैद्यांचे चेहरे बघायची. एकेक चेहरा. बाजारात जनावर पारखतात तसा.

“तुमच्याच वस्तीवरच्या ना?” मी दुसऱ्या एका बाईला विचारलं.

“कोण, ती? न्हाई बया. फाट्यावरनं टेम्पोत चढती रोज. कुठली, कुणाची, कायबी सांगत न्हाई.”

पहिला विचित्र प्रकार भुयाराच्या वेळी झाला. त्या प्रसंगासाठी आमच्या सेटिंगवाल्यांनी मांडवाच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर खड्डा नाही. जमीन सपाट. वर पाणी शिंपडलेलं, आणि जालिंदर टाचेनं ती ओली माती चोपत होता. एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश.

राजवाडे सर संतापले. “कुणी बुजवला हा?”

“मी,” जालिंदर म्हणाला.

“अरे, पण का?”

“उघडा ऱ्हायला व्हता.”

आगलावेकाकांनी डोक्यावर हात मारून घेतला. “सर, यालाच घ्या खलनायक! आपण भुयार खणायचं, यानं बुजवायचं, पिच्चर कधी संपायचाच नाही!” सगळं युनिट हसलं. मीही हसले. मग माझं लक्ष बाभळीकडे गेलं. केराबाई उभी राहिली होती. हातातली भाकरी तशीच होती आणि नजर जालिंदरच्या पायांवर खिळली होती.

“ओळखीचा आहे का, आजी?” मी जवळ जाऊन विचारलं.

“टाचंनं चोपतोय बघ,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “न्हाई. माझ्या कशाला वळकीचा असंल?”

त्यानंतर ती बाकीच्या कैद्यांकडे बघेनाशी झाली.

मला चैन पडेना. कारागृहाचे अधिकारी गवारेसाहेब यांना चित्रपटात छोटं काम दिलं होतं. जेलर म्हणून काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचं. त्यांना स्वतःचाच गणवेश थोडा बेतून हवा होता. त्यांच्या ऑफिसात माप घेता घेता मी विषय काढला.

“जालिंदर?” ते म्हणाले. “माझ्याकडचा सगळ्यात गुणी माणूस. या महिन्यात सुटतोय.”

“त्यानं काय केलं होतं?”

“खून. जिवलग मित्राचा.” त्यांनी पोट आत घेतलं. “दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं, पण भीतीनं आठ दिवस गप्प बसले. मग बोलले. कोर्टात यानं नाकारलं नाही. पण ‘मी मारलं’ एवढंच. त्यापुढे चौदा-पंधरा वर्षांत एक अक्षर नाही. बाकी कशावरही बोलेल. पाऊसपाणी, बी-बियाणं... त्या विषयावर आला की दगड. आम्हीही विचारायचं सोडलं. इथे जरा सैल ठेवा हं.”

“आणि त्या आजी, केराबाई म्हणून येतात त्या... त्या सारख्या त्याच्याकडेच बघत असतात.”

“अहो, बायका कैदी बघायलाच येतात. त्यांना जत्राच आहे ही.” ते आरशाकडे वळले. “चष्मा गोल बरा दिसेल की चौकोनी?”

त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मांडवाजवळून जात होते. वेलींच्या आड कुणीतरी उभं होतं. जालिंदर. हातात खुरपं. पानांच्या फटीतून तो बाभळीखाली जेवणाऱ्या केराबाईकडे बघत होता. इतका निश्चल की त्याच्या मनगटावर मुंगी चढत होती तीही त्यानं झटकली नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

तो दचकला. खुरपं खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही.

“ती म्हातारी रोज येती का?”

“हो. का?”

“उद्याबी येणार?”

त्याच्या आवाजात काय होतं ते मला कळलं नाही. आधी मला म्हातारीची भीती वाटत होती. आता म्हातारीसाठी वाटायला लागली. इतके दिवस पाठ करून बसणारा हा माणूस तिच्यावर नजर ठेवून होता. त्यानं एकदा माणूस मारलेला होता. आणि उद्या बाजाराचा प्रसंग होता. कैदी फाटकाशी भाजी विकायला बसतात, गावच्या बायका येतात, भावावरून जुंपते, टोमॅटोंची फेकाफेक होते आणि सगळी झुंड वाफ्यांत घुसते. राजवाडे सरांना नुसता गोंधळ हवा होता. त्या गोंधळात कोण कुठे आहे हे कुणालाच कळणार नव्हतं.

टेम्पो निघायच्या वेळी मी केराबाईला गाठलं. “आजी, उद्या नका येऊ. उद्या फार पळापळ आहे. तुम्हाला झेपायची नाही.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

“समदी वाफ्यात घुसणार म्हणं?”

“हो. म्हणूनच म्हणते.”

“मंग येती की,” ती म्हणाली, आणि टेम्पोत चढली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंका उघडत होते तेव्हा जालिंदर तंबूच्या दाराशी येऊन उभा राहिला. दाढी केलेली, केस पाण्यानं बसवलेले.

“मला बी द्या एक सदरा.”

“तुम्ही तर नको म्हणाला होतात.”

“आज द्या.”

मी सदरा-विजार आणि टोपी दिली. आडोशाला जाऊन त्यानं कपडे बदलले आणि स्वतःच्या पांढऱ्या कपड्यांची घडी घालून ट्रंकेवर आणून ठेवली. बाहीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

“मी न्हाई आलो तर हे साहेबास्नी द्या.”

“नाही आलो म्हणजे? कुठे जाणार आहात?”

तो बाहेर पडला. पट्ट्यांच्या गर्दीत शिरला आणि मला दिसेनासा झाला.

मी गवारेसाहेबांकडे माणूस पाठवला. निरोप आला की साहेब मेकअपला बसलेत, शॉट झाला की बोलू.

तेवढ्यात टेम्पो आला. बायका तंबूत घुसल्या, एकच कलकलाट. ज्यांची लुगडी नीट होती त्यांना मी पुढे काढत होते. केराबाई शेवटी राहिली. फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासत. अंगाला कुणी हात लावत नसे. तिनं लुगडं स्वतःच नेसलं होतं, पण मागचा काष्टा विचित्र फुगला होता. कॅमेऱ्यात ते दिसलं असतं. मी सवयीनं मागून हात घातला.

फडक्यात गुंडाळलेली लाकडी मूठ हाताला लागली. तिच्या खाली पातं होतं, वाकडं.

केराबाईनं गर्रकन वळून माझा हात धरला. म्हातारपणी एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे.

“गप ऱ्हा, पोरी. तुला काय करायची न्हाई मी.”

“आजी, हा विळा...”

“माझाच हाय. कुणाचा चोरला न्हाई.”

“कुणाला... काय करणार आहात तुम्ही?”

“सोड मला. इतकी वरसं गेली, आज गावलाय.”

तिनंच माझा हात सोडला आणि बाहेर पडली. मी तिच्या मागे धावले, तोवर फाटकाकडून राजवाडे सरांचा आवाज कर्ण्यावरून घुमला, “रोल! ॲक्शन!” आणि सगळीकडे एकदम आरडाओरडा सुरू झाला. टोमॅटो उडायला लागले. बायका किंचाळत होत्या, पट्ट्यांची माणसं पळत होती, आगलावेकाका डोक्यावर भोपळा धरून उड्या मारत होते. मी एका शिपायाचा दंड धरला. “ती म्हातारी, तिच्याकडे विळा आहे!” तो माझ्याकडे बघून हसला. आज सगळ्यांकडेच काही ना काही होतं. रबराचे कोयते, पुठ्ठ्याची खुरपी. गवारेसाहेब काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. त्यांना सांगितलं होतं की काहीही झालं तरी हलायचं नाही. मी हात हलवून ओरडले. ते हलले नाहीत.

मग मी वाफ्यांतून पळत सुटले. शॉटमध्ये आले तर आले.

ती लांब, मांडवाशी दिसली. पळत नव्हती. सगळे इकडून तिकडे धावत होते आणि ती बांधावरून सरळ चालली होती. मांडवाखाली एकच माणूस बसलेला होता. त्यानं तिला येताना बघितलं, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि मान खाली घातली. तो तिची वाटच बघत होता.

मी मागच्या बाजूनं वेलींत शिरले. खाली वाकून, गुडघ्यांवर, काट्याकुट्यांतून. त्यांच्यापासून दोन हातांवर पोचले तेव्हा विळा त्याच्या गळ्याला लागलेला होता. मी ओरडले असते तर तिचा हात हलला असता. मी तोंडावर हात दाबला.

“मान वर कर,” केराबाई म्हणाली.

त्यानं केली.

“वळाकतोस?”

“पयल्या दिशीच वळाकलं, केरामावशी.”

“मावशी म्हनू नगं.”

“बरं. करा काय करायचं ते. मी हलणार न्हाई. कुनी इचारलं तर मी सोताच पडलो इळ्यावर म्हनून सांगा.”

“तुझी मुंडी घिऊन मी काय करू?” तिचा आवाज खाली आला होता. “माझा मच्छिंद्र कुठं हाय?”

जालिंदरनं डोळे मिटले.

“मसनात राख न्हाई. नदीत हाड टाकलं न्हाई. पोलिसांनी हिरी उपसल्या, नाला धुंडाळला. रोज रातच्याला वाटतं कडी वाजली. तू सुटून जाशील, मी मरून जाईन, मंग माझं लेकरू कुनाला गावायचं? कुठं टाकलास त्याला? येवढं सांग. न्हाई सांगितलंस तर मातूर चिरते.”

“तेवढं इचारू नगा.”

“बोल.”

“तुमास्नी सोसायचं न्हाई, मावशी.”

“बोल म्हनते ना!”

पातं रुतलं. रक्ताची बारीक धार त्याच्या पट्ट्यांच्या कॉलरमध्ये उतरली. त्याच क्षणी कर्ण्यावरून आवाज आला, “मांडवाखालची म्हातारी! झकास! चालू ठेवा, थांबू नका! दुसरा कॅमेरा तिकडे वळवा!”

दोघांनाही ते ऐकू आलं नसावं.

“पाझर तलावात,” जालिंदर म्हणाला. “रोजगार हमीचं काम चालू व्हतं तवा. भरावाच्या मातीत. मीच खांदलं, मीच बुजवलं, टाचंनं चोपलं.” त्यानं वाफ्यातल्या ओल्या मातीत बोटानं एक लांब रेघ ओढली, टोकाला एक आडवी. “हा भराव. हा सांडवा. सांडव्याच्या अलीकडं, दगड लावलेलं संपतं थितं.”

केराबाई त्या रेघेकडे बघत होती. विळा अजून तसाच होता.

“म्या बी व्हते त्या कामावर,” ती म्हणाली.

“व्हय.”

“सांडव्याकडंच व्हते मी. मुकादमानं थितंच लावलं व्हतं आमाला.”

जालिंदरनं रेघेवरून बोट मागे घेतलं.

“कंच्या दिशी पुरलास?”

“त्याच राती. तुमाला वाटत व्हतं मच्छिंद्र टरकावर गेलाय. आठ दिस कुनी काय बोललं न्हाई. तुमी पाटी घिऊन यायचा, थितंच वतायचा, पुन्ना जायचा. म्या समोरनं बघत व्हतो.” त्यानं बाहीनं तोंड पुसलं. “एकदा तुमी मला म्हनला, जालिंदरा, हितं जरा भुसभुशीत लागतंय, चोप बरं. म्या चोपलं. मंग मी कोर्टात कसं सांगू, मावशी? तुमी ऐकत बसला व्हता समोर. कसं सांगू?”

विळा खाली पडला. केराबाई वाफ्यातच बसली. मग तिनं एक हात उचलला आणि डोक्यावर, मधोमध, पाटीखाली चुंबळ ठेवतात त्या जागी नेऊन ठेवला, आणि तसाच ठेवून बसून राहिली.

“कट! कट! वा! वा!”

सगळीकडून टाळ्या पडल्या. राजवाडे सर धावत आले, मागोमाग टोमॅटोनं माखलेले आगलावेकाका. “आजी, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणणार बघा!” ते हात जोडून म्हणाले. एक सहायक जालिंदरच्या गळ्याशी वाकून बघत होता. “रक्ताचा मेकअप कुणी केला? फर्स्ट क्लास दिसतोय.”

मी वेलींतून बाहेर आले. पडलेला विळा उचलून त्यांच्यापुढे धरला. राजवाडे सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू विरत गेलं.

जालिंदर उठला. कुणाकडे न बघता वाफे ओलांडून गवारेसाहेबांच्या खुर्चीपाशी गेला. ते अजून चष्मा लावून बसलेले होते.

“साहेब, जबाब लिहून घ्या.”

“अरे, कट झालाय,” गवारेसाहेब हसून म्हणाले.

“ते न्हाई, साहेब. मच्छिंद्राचं. कुठं हाय ते सांगायचंय.”

गवारेसाहेबांनी चष्मा काढला.

युनिट पुढच्या गावाला गेलं तेव्हा मी गेले नाही. भराव उकरायचा दिवस ठरला होता. त्या दिवशी केराबाईच्या शेजारी कुणीतरी बाई असावी, एवढंच मला वाटलं. तिला दुसरं कुणी नव्हतं. तलावात पाण्याचा थेंब नव्हता. पोलीस होते, पंच होते, तहसीलचा माणूस होता, चार मजूर होते आणि सगळं गाव बांधावर उभं होतं. जालिंदरला बेड्या घालून आणलं होतं. त्यानं जागा दाखवली आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

मजुरांनी कुदळी उचलल्या तशी केराबाई पुढे झाली. “जरा दमानं. थितली माती माझी हाय.” मग तिनं कुणाला न विचारता एक पाटी उचलली आणि निघालेली माती वाहायला सुरुवात केली. इन्स्पेक्टर तिला अडवायला पुढे आले आणि थांबले. पहिल्या पाटीला गावातल्या बायका नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या पाटीला दोघी-तिघी खाली उतरल्या. मग बाकीच्या. मीही एक पाटी घेतली. दुपार कलताना मजुरांपैकी एकानं कुदळ बाजूला ठेवली आणि तो हातानं माती सारू लागला.

मी पाटी टाकून केराबाईला धरायला गेले. तिला धरावं लागलं नाही. ती भरावात उतरली, गुडघे टेकून बसली आणि पदरानं पुसायला लागली.

पुढे चौकशी झाली. जालिंदरची सुटका काही महिने लांबली, पण तो सुटला. तो गावात आला होता, असं केराबाईनंच मला नंतर सांगितलं. “दारात हुबा ऱ्हायला. पानी इचारलं न्हाई मी. पर हाकललं बी न्हाई. तिन्हीसांजेपत्तुर हुबा व्हता, मंग गेला.” तो पुन्हा दिसला नाही.

राजवाडे सरांनी तो शॉट काढून टाकला होता. मग निर्मात्यांनी काही लोकांना चित्रपट दाखवला. लोक हसले, पण जेवढे हसायला हवे तेवढे नाही. निर्माते म्हणाले, तुम्ही म्हणता तो म्हातारीचा शॉट कुठाय? तो परत आला. त्या गोंगाटात काही रेकॉर्ड झालेलं नव्हतंच. सगळा चित्रपट नंतर डबिंगला गेला. मी राजवाडे सरांना फोन करून विनवलं. ते म्हणाले, “शलाका, माझ्या हातात असतं तर...” आणि त्यांनी फोन ठेवला.

केराबाईला हे आपण होऊन सांगावं म्हणून मी तिच्या गावी गेले. मला वाटलं, ती शिव्या देईल. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, “त्यात त्यो बोलताना दिसतो का?”

“दिसतो. पण आवाज...”

“मला घिऊन चल.”

तालुक्याच्या थिएटरात दुपारचा खेळ होता. शाळांना सुट्टी लागलेली, सगळं थिएटर मुलाबाळांनी भरलेलं. आम्ही मागे, कडेच्या खुर्च्यांवर बसलो. केराबाई चित्रपटभर हलली नाही. आगलावेकाकांच्या उड्यांवर पोरं शिट्ट्या मारत होती. मग बाजाराचा प्रसंग आला, टोमॅटो उडाले, कॅमेरा वळला आणि मांडवाखाली गळ्याला विळा लावलेला जालिंदर पडदाभर मोठा दिसला. केराबाईची पाठ कॅमेऱ्याकडे होती. त्याचा चेहरा समोर. त्याचे ओठ हलले आणि कुणा दुसऱ्याच माणसाचा किनरा, घाबरा आवाज आला, “आजी, किडकं एक बी न्हाई हो! आईची शपथ! टवटवीत वांगी हायेत, आईची शपथ!”

सगळं थिएटर फुटलं. पुढच्या रांगेतला एक माणूस हसता हसता खुर्चीवर वाकला.

मी केराबाईकडे बघायला धजत नव्हते. मग हसण्याच्या त्या कल्लोळात मला अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा, बारीक आवाज ऐकू आला. मी वळले. तिची नजर पडद्यावर होती, जालिंदरच्या तोंडावर. त्याच्या ओठांबरोबर तिचे ओठ हलत होते.

“भरावाच्या मातीत,” ती पुटपुटत होती. “सांडव्याच्या अलीकडं... दगड लावलेलं संपतं थितं...”